सुकटीसाठी बांधलेलं घर

मेलेला मासा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गिऱ्हाईक दुकानात आलं, की त्याला काय सांगायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मूळ काम काच कापायचं. नगरला दिल्ली गेटच्या अलीकडे माझं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे आणि तसबिरी. एकदा एका डॉक्टरांनी माशांची टाकी बनवून मागितली. ती गळली नाही, एवढ्यावर माझं नाव झालं. पुढे आरसे मागे पडले आणि मासे पुढे आले.

सुरुवातीला मी मेलेल्या माशाची खरी कारणं सांगायचो. तुम्ही खाणं जास्त घातलं, तुम्ही सगळं पाणी एकदम बदललं, वगैरे. कारणं बरोबर असायची आणि गिऱ्हाईक पुन्हा यायचं नाही. शेवटी एका आजीबाईंनीच मला शहाणं केलं. मी त्यांची चूक काढायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "अरे, घरावर काहीतरी येणार होतं, ते त्या बिचाऱ्यानं आपल्यावर घेतलं." आणि शांतपणे दुसरा मासा घेऊन गेल्या. त्या दिवसापासून मीही गिऱ्हाइकाला हेच सांगू लागलो. माणसाला बरं वाटायचं, माझाही माल खपायचा. यात मी लबाडी करतोय असं मला तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं.

नव्वदच्या दशकात नगरमध्ये वास्तूचं खूळ आलं, तेव्हा तर माझी चंगळ झाली. आठ सोनेरी आणि एक काळा मासा घरात ठेवायचा, म्हणजे भरभराट होते म्हणे. एक कंत्राटदार काळा मासा परत घेऊन आले, का, तर टेंडर दुसऱ्याला गेलं. कॅम्पातले एक फौजी साहेब बदली झाली की सगळे मासे माझ्याकडे आणून सोडायचे आणि प्रत्येकाचं नाव कागदावर लिहून द्यायचे. सावेडीतल्या एका गृहस्थांनी माशाच्या वाढदिवसाला टाकीत पेढा घातला होता. दोन दिवस पाण्यावर तुपाचा तवंग. असे किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि या अंकासाठी तेच लिहून देईन, असं मी कबूलही केलं होतं. पण लिहायला बसलो आणि प्रज्ञाच आठवत राहिली. तेव्हा तिचंच लिहितो.

प्रज्ञा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिचे वडील उत्तमराव फिटर होते. एकुलती एक मुलगी. काळीसावळी, उंच, बोलायला तडफदार. दुकानात आली ती सरळ काउंटरपाशी.

"काका, झिंग्यांसाठी टाकी बनवून मिळेल का?"

"खायचे का पाळायचे?"

"वाढवायचे. अंडी, पिल्लं, सगळं बघायचंय मला."

मी हसलो. आमच्याकडे झिंगा म्हणजे बाजारात वाळवून मिळते ती सुकट. कांदा-लसूण घालून भाकरीबरोबर खायची. तिला काचेच्या टाकीत ठेवून बघत बसायचं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण तिचं आजोळ पुणतांब्याचं, गोदावरीच्या काठचं. लहानपणी ती आजीबरोबर नदीवर जायची, तेव्हा काठच्या गवतात हे बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे झिंगे लपलेले असायचे. आत पोटातलं खाल्लेलंसुद्धा दिसायचं. आता ते पूर्वीइतके दिसत नाहीत, असं ती म्हणाली. कॉलेजातल्या बाईंना तिनं विचारलं होतं, हे पिल्लं कशी घालतात. बाई म्हणाल्या, तूच शोधून मला सांग.

आता अशा टाकीचं काम कसं असतं, ते थोडक्यात सांगतो. मासे ठेवायचे तर चार काचा, पाणी आणि हवेचा पंप एवढ्यावर भागतं. झिंगे वाढवायचे तर आधी झाडं वाढवावी लागतात. झिंग्याचं पिल्लू तांदळाच्या कणीएवढं. ते पानांवर साचणारा बारीक शेवाळाचा थर खातं आणि पानांतच लपतं. म्हणून तळाला चाळलेली माती, तिच्यावर नदीची वाळू, पाणी निवळशंख निघेपर्यंत धुतलेली, आणि त्यात पाणवनस्पती. त्या मी देवळाली प्रवऱ्याच्या कालव्यातून आणायचो. तिकडे सगळा ऊस. उसावर मारलेलं औषध पावसाबरोबर कालव्यात उतरतं आणि पानांना धरून राहतं. म्हणून आणलेलं झाड मी जंतू मारणाऱ्या लाल औषधाच्या पाण्यातून काढून पंधरा दिवस वेगळ्या टबात भिजत ठेवायचो, रोज पाणी बदलायचो. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. चौदाव्या दिवशी कुणी मागितलं तरी द्यायचो नाही. धंद्यात मला मिरवायला दुसरं फारसं काही नव्हतं, पण या एका गोष्टीचा मला भारी अभिमान होता.

झाडं लावली की टाकी महिनाभर रिकामी ठेवायची. याला आम्ही टाकी पिकवणं म्हणतो. पाण्याला जीव धरायला वेळ लागतो. प्रज्ञाला तो महिना जड गेला. दर दोन दिवसांनी दुकानात येऊन विचारायची, "काका, पिकली का?" जणू आंब्याची अढीच घातली होती. टाकीत मासा एकही नाही, कारण मासा पिल्लं खातो. फक्त झाडांबरोबर आलेल्या चार गोगलगायी. पंपाला मी स्पंज लावून दिला, नाहीतर पिल्लं ओढली जातात.

त्याआधी, टाकी पोचवून मांडायला मी त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा उत्तमराव पहिल्या पाळीहून नुकतेच आले होते. कंबरेवर हात ठेवून त्यांनी ती अडीच फुटांची टाकी, ती माती, ती वाळू सगळं बघितलं.

"शेठ, सुकटीला कुनी घर बांधतं व्हय?"

"तुमची पोरगी बांधतेय," मी म्हणालो.

"लई लाडावलीय," ते म्हणाले, पण टाकीखाली घालायचं थर्माकोल स्वतःच कापून बसवलं. फिटर माणूस, पाणसळ लावून टेबल समपातळीत आहे का तेही बघितलं. प्रज्ञाची आई, कमलताई, चहा घेऊन आल्या. त्या फार बोलत नसत.

पुणतांब्याहून आणलेली पहिली खेप फुकट गेली. झिंग्यांनी अंडी धरली, झिंगी ती पोटाखाली घेऊन हिंडते, पण पिल्लं निघाली आणि चार दिवसांत दिसेनाशी झाली. दुसऱ्या खेपेलाही तसंच. मी म्हणालो, सोड नाद. पण ती पोरगी हटणारी नव्हती. भिंग घेऊन बसली आणि तिनं शोधून काढलं, की नदीत दोन जातीचे झिंगे आहेत. एकीची अंडी मोहरीहून बारीक आणि शेकड्यांनी. त्यातनं निघणारं पिल्लू पाण्यावर तरंगत राहतं, ते आपल्या टाकीत जगत नाही. दुसरीची अंडी मोठी आणि मोजकी. त्यातनं निघतं ते थेट आईसारखं, फक्त इवलंसं. मग ती पुन्हा पुणतांब्याला गेली आणि मोठ्या अंड्यांचे तेवढे निवडून चौदा झिंगे स्टीलच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर घेऊन आली.

त्यांची पिल्लं जगली. मला दाखवायला तिनं घरी बोलावलं. बराच वेळ मला काही दिसेना. मग एका पानावर एक हललं, मग दुसरं. एकदा दिसायला लागली आणि मग सगळीकडेच होती. मी वीस वर्षं टाक्या विकल्या, पण टाकीसमोर खरोखर बसून राहिलो तो तेवढ्याच दिवशी. गिऱ्हाइकाला मी मासा घरावरचं घेऊन जातो म्हणून सांगतो, यावर ती मला फार चिडवायची. त्या दिवशी म्हणाली, "काका, माझे झिंगे कुणावरचं काही घेणार नाहीत हं. त्यांना त्यांचं काम आहे."

दिवाळीनंतर प्रज्ञा काविळीनं गेली. अकरा दिवसांत. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी उत्तमराव दुकानात आले. दाढी वाढलेली. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"शेठ, त्या झिंग्यांचं आयुष्य किती असतं?"

मी सांगितलं, वर्षभर, फार तर थोडं वर. त्यांचा चेहरा बघून मला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

"म्हंजी तिनं आनलेले..."

"ते जातील, उत्तमराव. पण त्यांची पिल्लं आहेत, त्यांना पिल्लं होतील. टाकी नीट ठेवली तर संपायचं काही कारण नाही. वर्षानुवर्षं चालेल."

"मंग संपू द्यायचे न्हाईत," ते म्हणाले. "तुमी सांगाल तसं करू."

मी सगळं सांगितलं. खाणं अगदी थोडं. पालकाचं एखादं पान उकळत्या पाण्यातून काढून टाकायचं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते झिंग्यांना सोसत नाही, म्हणून पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घालायचं. त्यांनी विचारलं, कशात ठेवायचं? मी म्हणालो, "कशातही ठेवा हो. कुठल्याही भांड्यात."

हे वाक्य मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. सगळ्यांच्या घरी तेव्हा प्लॅस्टिकच्या बादल्या झाल्या होत्या, त्यामुळे ते कधी कुणाला बाधलं नाही.

त्या नवरा-बायकोनं ती टाकी जशी सांभाळली, तशी मी दुसरी पाहिली नाही. उत्तमराव पाळीवरून आले की हातपाय धुऊन टाकीसमोर बसायचे आणि मोजायचे. रविवारी दुकानावरून जाताना सायकल न थांबवता सांगायचे, "आज एकोनतीस दिसले, शेठ." कधी बेचाळीस. कमलताई आजूबाजूच्या बायकांना दाखवायच्या, ही आमच्या प्रज्ञाची. प्रज्ञा टाकीच्या नोंदी ठेवायची त्या वहीत त्यांनी मोडक्यातोडक्या अक्षरात पुढच्या नोंदी चालू ठेवल्या होत्या. कुठल्या दिवशी कुणी अंडी धरली, कुठल्या दिवशी पिल्लं दिसली. उत्तमराव मला म्हणाले होते, घरात दुसरं बोलायला काय राहिलं न्हाई, पन यांच्यावर दोन शब्द बोलून होतात.

वर्षाच्या आत तिनं आणलेले चौदाही झिंगे एकेक करून संपले. पण टाकीत त्यांचे नातू-पणतू होते.

प्रज्ञाचा वर्षदिन आला. भन्तेजी येणार होते, पुणतांब्याहून नातेवाईक येणार होते. टाकी त्या दिवशी छान दिसावी म्हणून उत्तमराव आठवडाभर आधी माझ्याकडून नवी झाडं घेऊन गेले. टबात अठरा दिवस भिजलेली झाडं होती ती. मी वर्षदिनाला गेलो, वंदनेला मागे बसलो. झिंगे काचेवरून वर-खाली सारखे पळत होते, पाण्याच्या वरच्या कडेपर्यंत येत होते. पाहुणे म्हणाले, बघा, आज कसे खेळतायत. मला ते चांगलं वाटलं नाही. पण भरल्या घरात काय बोलायचं, म्हणून मी गप्प बसलो. तेव्हाच उठून बघितलं असतं तर अर्धे तरी वाचले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव सायकलवरून आले. सायकल वळवून उभे राहिले. मी शटर अर्धं ओढून त्यांच्या मागे गेलो.

मेलेला झिंगा लाल होतो, शिजवल्यासारखा. तळाच्या वाळूवर, पानांवर, सगळीकडे ते लाल पडले होते. पिल्लांचे नुसते ठिपके. एकही जिवंत नव्हता. पण मी पाहिलं ते वेगळंच. गोगलगायीही मेल्या होत्या, शंखातून लोंबत होत्या. आणि झाडं मात्र हिरवीगार. झिंगे आणि गोगलगायी दोन्ही मरतात आणि झाडाला काही होत नाही, असं करणारी एक गोष्ट मला चांगली ठाऊक होती. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मी जे औषध विकायचो, त्यात ती असते. द्राक्षबागेत फवारतात त्या मोरचुदात ती असते. तांबं.

मी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात घडवंचीवर तांब्याचा हंडा होता. चिंचेनं घासलेला, सोन्यासारखा लख्ख.

"पाणी कधी बदललंत?" मी विचारलं.

"परवा सांजच्याला," कमलताई म्हणाल्या. "पाव्हनं येनार म्हनून जरा जास्तीच बदललं. अख्खा हंडा. तुमी सांगितलं तसं दिसभर ठिवलं हुतं, भाऊ."

"नेहमी बादलीत ठेवता ना?"

"बादली धुन्याची. एरवी चालतं. पन तिच्या दिवसाला धुन्याच्या बादलीतलं पानी कसं घालावं तिच्या जीवांना? म्हनून हंडा घासला चांगला. हा माज्या आईचा हंडा. तिला पुनतांब्याला हिरीवर हात लावू देत न्हवते, वरून वतायचे पानी. नळ आला आनि तिनं पैला हा घेतला. सोताच्या हातानं भरायला. प्रज्ञा याच्यातलंच पानी प्यायची."

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. त्यांच्या घरातलं सगळ्यात चांगलं भांडं त्यांनी सगळ्यात चांगलं घासून घेतलं होतं. चिंचेनं घासलं की तांबं उघडं पडतं आणि पाण्यात जास्त उतरतं. माणसाला त्याचं काही नाही, उलट आपण ते पाणी औषध म्हणून पितो. झिंग्याला ते विष.

उत्तमराव माझ्याकडे बघत होते. "कशानं झालं, शेठ?"

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. आज मी हे लिहितोय तेव्हाही मला तो क्षण तसाच्या तसा दिसतो. खरं सांगितलं असतं, तर त्या बाईंना आपल्या मुलीची शेवटची खूण आपल्याच हातानं, आपल्या आईच्या हंड्यातून मारली, हे जन्मभर घेऊन जगावं लागलं असतं. आणि 'कुठल्याही भांड्यात' म्हणणारा तर मीच होतो.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "ती नवी झाडं. घाईत दिली. भिजवली नव्हती नीट. उसाचं औषध असणार."

उत्तमराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमाला म्हाईत हुतं, शेठ, हे कुनाचे झिंगे हायेत." आणि आत निघून गेले.

आठ दिवसांनी त्यांनी टाकी हातगाडीवर घालून आणली, माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि पाठ फिरवून गेले. पुन्हा ते कधी माझ्याशी बोलले नाहीत. पण माझ्याबद्दल मात्र सगळ्यांशी बोलले. कारखान्यात, वस्तीत, कॉलेजात. झाडं न भिजवता देतो, औषध मारलेली देतो. जी एक गोष्ट मी आयुष्यात चोख केली, तिच्यावरून माझं नाव गेलं. कॉलेजवाल्यांनी झाडं घेणं बंद केलं, एमआयडीसीकडची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. मी खोटं बोललो ते त्या बाईंसाठी, असं मी स्वतःला सांगायचो. पण त्यात थोडी भीतीही होती. 'कुठल्याही भांड्यात' हे माझे शब्द उत्तमरावांना आठवले असते, तर मी काय बोलणार होतो? झाडांची चूक कबूल करणं मला त्यापेक्षा सोपं गेलं.

एक वेडेपणाही केला. पुणतांब्याला गेलो, नदीच्या काठानं जाळी घेऊन हिंडलो आणि मोठ्या अंड्यांचे दहा-बारा झिंगे पकडले. ते उत्तमरावांच्या दारात नेऊन ठेवायचे, एवढंच डोक्यात होतं. पिशवी हातात धरून एसटीची वाट बघत उभा राहिलो आणि मग मागे फिरून ते सोडून दिले. जात तीच होती, नदी तीच होती. पण हे तिच्या मांडीवर बसून आलेल्यांचे कोणी नव्हते.

त्यानंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागलो, की तांब्याच्या भांड्यातलं पाणी टाकीत घालू नका. दुकानात तशी पाटी लावायला हवी होती. रंगवून घेतलीसुद्धा. पण लावली नाही. त्यांच्या वस्तीतलं कुणी वाचलं असतं, घरी जाऊन बोललं असतं. म्हणून ती पाटी काउंटरखाली उलटी पडून राहिली आणि मी ते प्रत्येकाला तोंडी, हळूच सांगत राहिलो. मासा घरावरचं घेऊन जातो, हे सांगणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं.

वर्षं गेली. गुडघे गेले, दुकान मुलानं मोबाईलचं केलं. टाक्या सगळ्या विकल्या, एक ठेवली. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं, उत्तमराव गेले. जावं की नाही, असा दोन दिवस विचार केला आणि गेलो.

कमलताई म्हाताऱ्या झाल्या होत्या. खोलीत त्यांची भावजय होती, ती मला बघून आत गेली. भिंतीवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली प्रज्ञाचा फोटो होता, शेजारी आता उत्तमरावांचा. मी खाली बसलो. म्हणालो, "शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेले राहिले ते."

"राहू दिलं मी," कमलताई म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"भाऊ, आमच्या शेजारच्या शांताबाईच्या पोरानं तुमच्याकडून मासे आनले हुते. त्याला तुमी सांगितलं हुतं, तांब्याच्या भांड्यातलं पानी घालू नको म्हनून. तिनं मला नळावर सांगितलं. तवाच कळलं मला. वरीस बी झालं नसल तवा."

मी मान खाली घातली. पाटी लपवून ठेवून मी काय साधलं होतं?

"प्रज्ञा घरी येऊन सांगायची, काका गिऱ्हाइकाला म्हनतात मासा घरावरचं घेतो. लई हसायची. मला त्येच आठवलं. म्हनलं, यांनी माज्यावरचं घेतलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, तशाच बोलत राहिल्या. "मी यांना सांगनार हुते. किती येळा तोंडावर आलं. पन पोरगी गेली तवा ते मला म्हनले हुते, ताप आला तवाच दवाखान्यात न्यायला पायजे हुतं तू. एकदाच म्हनले. पुन्यांदा कवा न्हाई. पन ते शब्द घरातून गेले न्हाईत. त्यात ह्ये कळलं असतं, तर आमी दोघं एका घरात राहिलो नसतो. त्यांचा राग तुमच्याकडं गेला, म्हनून आमचं निभावलं. तुमचं नाव गेलं, दुकान बसलं, ते मी बघत हुते. तरी गप बसले. मला माफ करा म्हनायला बी तोंड न्हाई."

"ताई, भांड्याचं मीच नीट सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी का होईना, ते तोंडातून बाहेर पडलं.

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "एक इचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"मी ते पानी घातलं नसतं, तर राहिले असते का वो ते? अजून असते का तिचे झिंगे?"

याचं उत्तर मी अनेक वर्षं घोकून ठेवलं होतं. जीव इवलासा, कशानंही गेले असते, कधी वीज गेली असती, कधी उन्हाळ्यात पाणी तापलं असतं. हे सगळं तसं खोटंही नव्हतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला पुन्हा खोटं बोलवेना.

"असते, ताई," मी म्हणालो. "आजही असते."

मला वाटलं, त्या कोसळतील. पण त्यांनी हळूच मान हलवली, दोनदा. खांदे जरा खाली आले.

"कुनीतरी एकदा म्हनायला पायजे हुतं मला," त्या म्हणाल्या. "सगळे तुमालाच बोलत राहिले."

मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. पाणी माठातलं होतं, पेला स्टीलचा. मी प्यायलो. निघताना स्वयंपाकघराच्या दारातून घडवंची दिसली. हंडा तिथेच होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"घासते दर आयतवारी," त्या म्हणाल्या. "आईचा हाय. पन भरत न्हाई."